पांढऱ्या मातीची माउली

मूर्तीपुढे उभा राहिलेला माणूस आधी तिला नाव देतो आणि मग तिच्याकडे पाहतो. खरे तर हा क्रम उलटा असावयास हवा. आधी नीट पाहावे, मग नाव विचारावे आणि नाव कळल्यावर पुन्हा एकदा पाहावे. ही शिस्त पाळणे किती अवघड आहे, याची प्रचीती देणाऱ्या काही मूर्ती जगातील मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. चीनच्या फूजियान प्रांतात देहुआ नावाचे ठिकाण आहे. तेथील भट्ट्यांत मिंग आणि चिंग राजवटींच्या काळात घडलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या या देवमूर्ती. त्यांतला एक प्रकार असा : डोक्यावरून पदर घेतलेली एक स्त्री बसलेली आहे, तिची नजर खाली वळलेली आहे आणि तिच्या मांडीवर एक बालक आहे.

आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घरी या मूर्तीचे छायाचित्र दाखवावे. घरातली आजी हात जोडून 'मरियामाता' म्हणेल, यात आम्हांस शंका नाही. परंतु ज्या कारागिराने ती घडवली, त्याने मरियामातेचे नावही बहुधा ऐकलेले नव्हते. ती ग्वानयिन आहे, चिनी बौद्धांची करुणेची देवता. असे असूनही जपानमधील काही ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या याच मूर्तीपुढे गुडघे टेकून मरियामातेचा धावा केला. मग ही मूर्ती कोणाची? घडवणाऱ्याची, विकणाऱ्याची, की तिच्यापुढे रडणाऱ्याची? कलेच्या समीक्षेला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि श्रद्धेला तर मुळीच नाही.

प्रथम मूर्तीकडे पाहू. चिनीमातीचा पांढरा रंग एकच असतो असा आपला समज असतो. चीनचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र जिंगदेझेन; तेथील पांढऱ्या रंगात थंड, निळसर झाक असते. देहुआचा पांढरा रंग उबदार आहे, हस्तिदंताकडे किंवा सायीकडे झुकणारा. याचे कारण मातीत आणि आगीत आहे. देहुआच्या मातीत लोहाचा अंश अतिशय कमी असतो. शिवाय तेथील भट्टीत हवा खेळती ठेवून भाजणी करीत. त्यामुळे उरलासुरला लोहांशही निळसर न होता फिकट पिवळसर छटा देतो. या मातीत पोटॅशचे प्रमाण अधिक असल्याने भाजल्यावर ती काचेसारखी घट्ट होते आणि पातळ भागातून उजेड आरपार जातो. वरची झिलई आणि आतली माती इतक्या एकजीव झालेल्या असतात की, कातडी कोठे संपते आणि अंग कोठे सुरू होते हे डोळ्यांना सांगता येत नाही. फ्रेंच संग्राहकांनी या वस्तूंना 'ब्लाँ द शीन', म्हणजे 'चीनचे पांढरे', असे नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले.

मूर्ती घडवण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. मुख्य भाग साच्यातून काढून जोडावयाचे आणि माती ओली असतानाच वस्त्रांच्या चुण्या, केशरचना, चेहऱ्याची ठेवण हाताने व कोरणीने पुरी करावयाची. मूर्ती आतून पोकळ असते. भाजताना आतली हवा कोंडून ती फुटू नये म्हणून तळ उघडा ठेवतात किंवा पाठीमागे छिद्र पाडतात. हात आणि बोटे वेगळी घडवून मग जोडलेली असतात. म्हणूनच जुन्या मूर्तींची बोटे अनेकदा तुटलेली दिसतात. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला, तेव्हा चाकावर बिघडलेले भांडे पुन्हा घडवले जाताना त्याने पाहिले. देहुआच्या कारागिराला ही सवलत ओल्या मातीपुरतीच होती. भट्टीतून बाहेर आल्यावर रंगाखाली दोष झाकण्याची सोय त्याने स्वतःला ठेवलेली नव्हती. चित्रकाराचा हात लागलाच नाही, तर उभे राहावयाचे ते केवळ आकारावर आणि त्यावर पडणाऱ्या सावलीवर.

या कसोटीला पूर्णपणे उतरलेला कारागीर म्हणजे हे चाओझोंग. मिंग राजवटीच्या उत्तरकाळात तो होऊन गेला. त्याच्या मूर्तींच्या पाठीवर त्याच्या नावाची छोटी मुद्रा उमटवलेली असते. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्याची मुद्रा असलेली बोधिधर्माची एक मूर्ती आहे. भारतातून चीनला गेलेला हा भिक्षू लाटांवर उभा आहे, वाऱ्याने त्याची वस्त्रे एका बाजूला ओढली गेली आहेत आणि चेहरा मात्र निश्चल आहे. वस्त्राच्या चुण्यांतून वारा दिसावा आणि चेहऱ्यावरून त्या वाऱ्याला न जुमानणारे मन दिसावे, ही सारी किमया एकाच पांढऱ्या रंगात साधलेली आहे. येथे वस्त्र हे आभूषण राहत नाही, तेच भाषा होते. या घराण्यातील उत्तम ग्वानयिन मूर्तींतही हेच आढळते. अंगावर दागिने मोजकेच; हात कित्येकदा बाहीत लपलेले; सारा अर्थ झुकलेल्या मानेत, मिटत आलेल्या पापण्यांत आणि गुडघ्यावरून ओघळणाऱ्या चुण्यांत.

पण देहुआचे सर्वच काम या तोलाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. मागणी वाढली तशा या मूर्ती मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या. साचा तोच राहिला, मात्र कोरणीचा हात घाईचा झाला. चुण्या उथळ झाल्या, चेहरे बाहुलीसारखे गोड झाले आणि मौनाची जागा भरून काढण्यासाठी भोवती सेवक, खडक, कमळे यांची गर्दी वाढली. चाओझोंगची मुद्राही पुढील काळात सर्रास नकलली गेली. त्यामुळे पाठीवरची मुद्रा पाहून मूर्तीची थोरवी ठरवणारा फसतो. थोरवी समोरून पाहूनच ठरवावी लागते.

आता नाव विचारू. ग्वानयिनचे मूळ आपल्या देशात आहे. संस्कृतातील अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व, म्हणजे दुःखितांसाठी स्वतःचे निर्वाण पुढे ढकलणारा, तोच हा. त्याला पाहण्यासाठी वसई-मुंबईच्या वाचकांस फार दूर जावयास नको. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत त्याची अनेक शिल्पे आहेत. ९० क्रमांकाच्या लेण्यात तो मधोमध उभा आहे आणि दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. हत्ती, सिंह, साप, आग यांच्या तावडीत सापडलेले लोक आहेत, तसे बुडत्या नौकेतलेही आहेत. सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या प्रदेशात समुद्राचे भय दगडात कोरले जावे, हे स्वाभाविकच होते. पुढे फूजियानच्या दर्यावर्दी लोकांनीही ग्वानयिनला समुद्रावरची रक्षणकर्ती मानले. संकट तेच राहिले, धावाही तोच राहिला; बदलली ती भाषा आणि रूप.

रूपातला हा बदल मोठा आहे. कान्हेरीचा अवलोकितेश्वर पुरुष आहे. चीनमध्ये दहाव्या शतकानंतर हळूहळू त्याला स्त्रीरूप आले. इ. स. ४०६ मध्ये कुमारजीवाने सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले. त्यातील एका अध्यायात असे आश्वासन आहे की, हा बोधिसत्त्व ज्याला जे रूप हवे त्या रूपात प्रकट होतो आणि अपत्य मागणाऱ्या स्त्रीला अपत्य देतो. या आश्वासनातूनच शुभ्रवस्त्रा, अपत्यदायिनी ग्वानयिन जनमानसात उभी राहिली. नावातही एक अर्थपूर्ण फरक झाला. अवलोकितेश्वर या नावात पाहणे आहे. ग्वानयिन या चिनी नावात जगाचा आक्रोश जाणणे आहे, म्हणजे ऐकणे आहे. देहुआच्या उत्तम मूर्ती पाहताना हा फरक आम्हांस पदोपदी जाणवतो. त्या आपल्याकडे बघत नाहीत. कोणी तरी दूरवर हाक मारीत आहे आणि त्या ती हाक ऐकत आहेत, असे वाटते.

मग मरियामातेच्या मूर्तीशी दिसणारे साम्य हा निव्वळ योगायोग समजावा काय? कलाभ्यासकांत याबद्दल मतभेद आहेत. १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मनिला शहर वसवले आणि फूजियानच्या किनाऱ्यावरील चिनी कारागीर त्यांच्यासाठी हस्तिदंतात मरियामाता आणि बाळ येशू कोरू लागले. काही अभ्यासकांच्या मते या कामातून मूल कडेवर घेतलेल्या मातेची ठेवण त्याच प्रांतातील ग्वानयिनच्या मूर्तींत शिरली. अपत्यदायिनीची कल्पना चीनमध्ये त्यापूर्वीच रुजलेली होती, हे मात्र विसरता येत नाही. कारागिराचा हात धर्माच्या सीमा न विचारता एका कामातली आठवण दुसऱ्या कामात नेतो. गोव्यातील हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळ' मूर्तींत बाल येशू डोळे मिटून ध्यानस्थ बसल्यासारखा दिसतो, तो कशामुळे? आपल्याच भूमीतील कारागिरांच्या हाताला बुद्धमूर्तींची आठवण होती म्हणून, असे जाणकार सांगतात.

साम्याचा पहिला लाभ घेतला तो व्यापाऱ्यांनी. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व्यापाऱ्यांच्या याद्यांत देहुआच्या या मूर्ती 'सांक्ता मारिया' या नावाने नोंदलेल्या आढळतात. विकणाऱ्याला नाव हवे होते आणि घेणाऱ्याला ओळखीचे काही तरी हवे होते. दोघांनी मिळून ग्वानयिनचे नामकरण केले. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस याने ड्रेस्डेन येथे चिनीमातीचा अफाट संग्रह केला. १७२१ पासून त्याची जी यादी तयार झाली, तीत देहुआच्या वस्तू मोठ्या संख्येने आहेत. १७१० मध्ये त्याने माइसेन येथे स्वतःचा कारखाना काढला आणि तेथे ग्वानयिनच्या मूर्तींच्या हुबेहूब प्रतिकृती निघाल्या. माती गवसली, झिलई गवसली, साचाही मिळाला. परंतु ज्या हाकेला कान देऊन ती मूर्ती बसली होती, ती हाक राजवाड्याच्या दालनात कोणी मारीत नव्हते. तेथे ती ग्वानयिनही उरली नाही आणि मरियामाताही झाली नाही; ती शोभेची वस्तू झाली.

आणि त्याच मातीच्या त्याच मूर्तींचे दुसरे भाग्य नागासाकीत लिहिले जात होते.

नागासाकी हे नाव वसईकरांच्या काळजाजवळचे आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतले एक आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि गास येथील चर्च आज त्यांच्या नावाने उभे आहे. त्या टेकडीवरची हकिगत आपल्या मुलांना ठाऊक असते. तिच्यानंतर काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरूंना हद्दपार केले गेले वा ठार मारले गेले. १६४४ नंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. नागासाकीत लोकांना पवित्र प्रतिमांवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दरवर्षी सिद्ध करावे लागे. घरात क्रूस सापडणे म्हणजे मृत्यू.

या काळात परदेशी जहाजांना जपानचे दार जवळजवळ बंद होते. चिनी गलबते मात्र नागासाकीत येत, आणि त्यांतून देहुआच्या मूर्ती येत. ग्वानयिनला जपानी भाषेत कान्नोन म्हणतात. कान्नोनची मूर्ती घरात असणे हा संशयाचा विषय नव्हता. म्हणून नागासाकीजवळच्या उराकामी गावातील गुप्त ख्रिस्ती शेतकऱ्यांनी ही पांढरी माउली घरात आणली आणि तिच्यापुढे, तोंडपाठ राखलेल्या लॅटिन-पोर्तुगीज शब्दांच्या मोडक्यातोडक्या प्रार्थना म्हटल्या. १८५६ च्या सुमारास उराकामीत धरपकड झाली, तेव्हा अशा मूर्ती जप्त करण्यात आल्या. चौकशीच्या कागदपत्रांत त्यांचे नाव नोंदले गेले आहे : 'हान्ता मारूया'. म्हणजेच 'सांता मारिया'. पिढ्यान् पिढ्या ओठांवर फिरून झिजलेले हे नाव आहे, नाण्यावरचे चित्र झिजावे तसे. नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या त्या मूर्ती आज टोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांना 'मारिया कान्नोन' म्हणतात.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी नागासाकीत नव्यानेच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये आले. फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन एका स्त्रीने आपले हृदय त्यांच्यासारखेच असल्याचे हळूच सांगितले आणि सांता मारियाची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. फ्रान्सहून आणलेली, बाळ येशूला घेतलेली ती मूर्ती त्यांनी पाहिली आणि तत्काळ ओळखली. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, छापील पुस्तक नाही. तरी ओळख पटली. ती ओळख टिकवण्यात त्या पांढऱ्या चिनी मूर्तींचाही वाटा होता, असे आम्हांस वाटते. त्यानंतरही छळ संपला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना गाव सोडून हद्दपारीत जावे लागले आणि १८७३ मध्ये बंदी उठल्यावरच वाचलेले परतले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या मूर्तीविषयी बोलताना दोन टोकांच्या चुका केल्या जातात. पहिली चूक भाविकांची : ही मूर्ती खरे म्हणजे वेश बदललेली मरियामाताच आहे, असे म्हणणे. याने आपले मन सुखावते, परंतु फूजियानच्या कारागिरावर आणि त्याच्या श्रद्धेवर अन्याय होतो. त्याने मन ओतून आपली करुणामूर्ती घडवली. तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी डकवण्याचा अधिकार आपणांस नाही. तो अधिकार इंग्रज व्यापाऱ्याने बजावला होता, आणि त्याचा हेतू भक्तीचा नव्हता. दुसरी चूक कर्मठांची : परधर्मीयांची मूर्ती ती मूर्तीच, तिच्यापुढे केलेली प्रार्थना वाया गेली, असे म्हणणे. याने उराकामीच्या शेतकऱ्यांवर अन्याय होतो. ज्यांनी प्राण पणाला लावून ते नाव जपले, त्यांची भक्ती सुरक्षित वेदीपुढे बसून आपण तपासावयाची, हे शोभणारे नाही.

इ. स. ७८७ मध्ये निकेया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांविषयीची आपली शिकवण निश्चित केली. प्रतिमेला दिलेला मान तिच्यात थांबत नाही. ज्या व्यक्तीची ती प्रतिमा, तिच्यापर्यंत तो पोहोचतो. सेमिनरीत हा सिद्धान्त शिकताना प्रतिमा आणि व्यक्ती यांचा संबंध निश्चित आहे, असे गृहीत धरलेले असते. मारिया कान्नोनपुढे हे गृहीतच हलते. घडवणाऱ्याच्या हातून ती ग्वानयिनची प्रतिमा आहे. प्रार्थना करणाऱ्याच्या ओठांतून ती मरियेची आहे. मग मान कोणाकडे गेला? आमचे उत्तर असे : मातीला आकार कारागीर देतो, प्रार्थनेला दिशा भक्त देतो. उराकामीच्या घरात म्हटलेली प्रार्थना मरियेकडेच गेली, कारण ती मरियेलाच उद्देशून होती. आणि म्हणून ती मूर्ती मरियेची झाली नाही. फूजियानच्या बौद्ध कुटुंबात तिची जुळी बहीण देव्हाऱ्यात बसली होती, ती ग्वानयिनच होती आणि ग्वानयिनच राहील. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्तींचे असे दोन जन्म झाले. त्यांतला एक खरा मानावयाचा असेल तर दुसरा खोटा मानावा लागत नाही.

या विवेकाची गरज व्यवहारातही आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात 'मारिया कान्नोन' हे नाव लावले की किंमत चढते; त्यामुळे साध्या ग्वानयिन मूर्तींना हे नाव चिकटवले जाते, कधी तर त्यांवर मागाहून क्रूसही कोरला जातो. जी मूर्ती गुप्त ख्रिस्ती घरातून आल्याचा पुरावा आहे, तीच मारिया कान्नोन. बाकीच्या मूर्ती सुंदर असतील, प्राचीन असतील, पण त्यांना ते नाव देणे म्हणजे हुतात्म्यांच्या दुःखाचा बाजार मांडणे होय.

आणखी एक गोष्ट. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा नामनिर्देश केला आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले. हे वाक्य आपण व्याख्यानांत अनेकदा ऐकतो. त्याचा अर्थ मात्र अशा एखाद्या मूर्तीपुढेच कसाला लागतो. दुसऱ्याच्या श्रद्धेत जे सुंदर आहे, ते 'मुळात आपलेच' म्हणून ताब्यात न घेता त्याच्या नावासह सुंदर मानणे, हा खरा आदर. आपल्या गावांत विविध धर्मांची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. शेजारच्या देव्हाऱ्यातील मूर्ती आपली करून घेण्याची गरज नाही आणि तिच्याकडे पाठ फिरवण्याचीही गरज नाही. तिचे नाव विचारावे, ते नीट उच्चारावे, आणि मग पाहावे.

आपल्या स्वतःच्या मूर्तींविषयीही देहुआची माती काही सांगते. आमच्या कित्येक चर्चमध्ये आणि घरांत साच्यातून निघालेल्या, भडक रंगांच्या आणि गुळगुळीत गोडव्याच्या मूर्ती येतात. भाविकांच्या प्रेमाबद्दल आम्हांस काही म्हणावयाचे नाही. प्रार्थनेची दिशा भक्त देतो, हे आम्ही वर म्हटलेच आहे. परंतु जी मूर्ती पन्नास वर्षे मुलांच्या डोळ्यांपुढे राहणार, तिने त्या डोळ्यांना काय शिकवावे याचा विचार मूर्ती आणण्यापूर्वी व्हावा. तिच्या चेहऱ्यात मौन आहे काय? ती नुसती दिसते, की ऐकतेही? फूजियानच्या एका कारागिराने रंगाला हात न लावता, केवळ झुकलेल्या मानेतून, एक ऐकणारी माउली घडवली. तिच्यापुढे ज्यांना आपल्या मरियामातेशी बोलता आले, त्या उराकामीच्या शेतकऱ्यांना तिने एका शब्दानेही अडवले नाही.